करवत, आरी आणि आपण

इतिहास म्हटला की आपल्याकडे तलवार निघते. तलवारीला नाव असतं, तिच्यावर पोवाडे असतात, काचेच्या पेटीत मखमलीवर तिला निजवलेली असते. ती परदेशातून परत आणू म्हणून मंत्री भाषण ठोकतात. करवतीवर कुणी भाषण ठोकल्याचं मी ऐकलं नाही. वाडा बांधताना तुळई करवतीनं कापली, राजाच्या पलंगाचे पाय करवतीनं कापले, देवळाचा दरवाजा, गलबताची फळी, तोफेचा गाडा, सगळं करवतीनं कापलं. ज्या तलवारीचे गोडवे गातात तिच्या म्यानाची लाकडी पट्टीसुद्धा कुणीतरी करवतीनंच काढली असेल. पण तलवार धरणाऱ्याला वंशावळ मिळाली आणि करवत ओढणाऱ्याला नुसता भुसा.

म्हणून दोस्तहो, या अंकात करवतीचा इतिहास. मी सूतगिरणीत कार्डिंग खात्यात आहे, सुतार नाही. पण करवतीचे दात माझ्याही रोजच्या कामात आहेत. ते कसे, ते पुढे येईलच.

आधी हत्यार समजून घेऊ. कुऱ्हाड लाकूड फोडते, तासणी तासते. दोघींच्या कामात लाकडाचा बराच भाग ढलपी होऊन वाया जातो. करवतीचं तसं नाही. एक दात थोडंसं खरवडतो, मागचा दात त्याच्यापुढे थोडंसं, त्याच्या मागचा आणखी थोडंसं. एकटा दात काही करू शकत नाही. रांगेतले सगळे दात मिळून खोड चिरतात. आणखी एक गंमत आहे. चांगल्या करवतीचे दात सरळ एका ओळीत नसतात. एक किंचित उजवीकडे वाकवलेला, दुसरा किंचित डावीकडे. त्यामुळे चीर पात्यापेक्षा थोडी रुंद पडते आणि पातं लाकडात अडकत नाही. सगळे दात एकाच दिशेला ठेवले तर करवत चार बोटं आत जाते आणि रुतून बसते. संघटना चालवणाऱ्यांनी हे एकदा सुताराच्या शेजारी बसून बघावं.

हे हत्यार फार जुनं. इजिप्तमध्ये पाच हजार वर्षांपूर्वीच्या तांब्याच्या करवती सापडल्या आहेत. तांबं मऊ, पुढे ढकललं तर पातं वाकणार, म्हणून त्या करवती आपल्याकडे ओढून कापायच्या. आपल्याकडच्या जुन्या हातकरवतीही ओढूनच कापणाऱ्या, कारण आपला सुतार जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून काम करायचा. युरोपातला सुतार बाकाशी उभा राहून करवत पुढे ढकलतो. माणूस कसा बसतो यावर हत्याराचे दात कुठे तोंड करतात ते ठरतं.

मोहेंजोदडोत दात असलेल्या धातूच्या करवती मिळाल्या. सिंधू संस्कृतीतले कारागीर साडेचार हजार वर्षांपूर्वी समुद्राचे शंख करवतीनं आडवे कापून त्यांच्या बांगड्या करत. शंखाच्या तुकड्यांवर त्या करवतीचे ओरखडे अजून दिसतात. त्या शहरांचा राजा कोण, देव कोण, यावर पंडितांची भांडणं चालूच आहेत. त्यांची लिपी वाचता येत नाही. पण कापणाऱ्याच्या हाताचा ओरखडा मात्र वाचता येतो. त्याला लिपी लागत नाही.

आता शब्दाकडे येऊ.

संस्कृतात करवतीला दोन मुख्य शब्द आहेत. एक करपत्र. कर म्हणजे हात, पत्र म्हणजे पान, पातं. हातानं चालवायचं पातं. दुसरा क्रकच. हा शब्द तोंडाने नुसता म्हणून बघा, लाकडावर करवत घातल्याचा आवाज येतो. या क्रकचाचं पालीत ककच झालं. कन्नडमध्ये करवतीला गरगस म्हणतात, त्यातही तोच आवाज घुमतो.

मराठीत आला तो करपत्र. पण तो पोथीतून उतरून आला नाही. लोकांच्या तोंडातून घासत घासत आला. आपल्या भाषेत दोन स्वरांमध्ये सापडलेल्या 'प'चा 'व' होतो. दीपचा दिवा, कपाटचं कवाड, सपत्नीची सवत. आणि 'त्र'चा आधी 'त्त', मग नुसता 'त'. सूत्रचं सूत, रात्रीची रात, पत्रचं पातं. त्याच वाटेने करपत्रचा प्राकृतात करवत्त झाला आणि मराठीत करवत. गुजरातीत करवतच आहे, बंगालीत करात. बंगालमधले शांखारी आजवर करातीनंच शंख कापत आले. आपण 'करवतीचं पातं' म्हणतो तेव्हा खरं तर एकच शब्द दोनदा म्हणतो, कारण करवतीच्या पोटात पातं आधीच आहे.

शाळेत मास्तर सांगतात की प्राकृत म्हणजे संस्कृत बिघडून झालेली भाषा. मला हे पटत नाही. खुरप्याचा दांडा वापरून वापरून गुळगुळीत होतो, त्याला कुणी बिघडला म्हणत नाही, हाताला बसला म्हणतात. शब्दाचंही तसंच. करपत्र म्हणायला जीभ दोनदा अडखळते, करवत एका ओढीत निघते. ज्यांना दिवसभर लाकूड ओढायचं होतं त्यांनी शब्दाची अडगळ छाटून टाकली. संस्कृत ज्यांनी जपली त्यांनी करवत कधी धरली नाही, म्हणून त्यांचा शब्द कोरा राहिला.

इंग्रजीतला 'सॉ' वेगळ्या मुळाचा. युरोपातल्या भाषांत कापणे या अर्थाचं एक जुनं मूळ आहे, त्यातूनच सेक्शन, सेगमेंट हे शब्द निघाले आणि विळा या अर्थाचा सिकलही. लॅटिनमध्ये करवतीला सेर्रा म्हणतात. स्पॅनिशमध्ये त्याचा सिएर्रा झाला, आणि डोंगरांच्या रांगेलाही तोच शब्द लागला, कारण लांबून डोंगराची रांग करवतीच्या दातांसारखी दिसते. नाव ठेवणाऱ्यानं डोंगर पाहिला तेव्हा त्याला देवाचं सिंहासन दिसलं नाही, हत्यार दिसलं. आपल्याकडे धर्माने करवतीलाही सोडली नाही. मोक्षासाठी काशीला जाऊन करवतीखाली मान द्यायची, या कल्पनेतून काशीकरवत हा शब्द मराठीत रुजला. कामाचं हत्यार, त्याचंही तीर्थ केलं.

आता आरीचं बघू. हिंदीत आरी म्हणजे छोटी करवत आणि आरा म्हणजे मोठी. लाकूड कापायच्या गिरणीला आपणही आरागिरणी म्हणतो. पण आपल्या वस्तीत आरी म्हटलं की कुणाच्या डोळ्यांसमोर करवत येत नाही. येते ती चांभाराची आरी, चामड्याला भोक पाडायची. संस्कृतातली आरा हीच टोचायची आरी. ती ऋग्वेदातही आहे. सहाव्या मंडळात पूषन या देवाला विनवलंय की तुझ्या आरीने त्या कंजूष पणींची काळजं टोच. म्हणजे देवाच्या हातात आरी चालते, तेव्हा ती पवित्र. माणसाच्या हातात आली की माणूस बाटला.

हे नुसतं माझं चिडणं नाही, पुरावा आहे. अमरकोश हा संस्कृतचा जुना प्रसिद्ध शब्दकोश. पाठशाळांमधून तो मुलांकडून घोकून घेत. त्याच्या दुसऱ्या कांडात माणसांचे वर्ग पाडलेत. ब्रह्मवर्ग, क्षत्रियवर्ग, वैश्यवर्ग आणि सगळ्यात शेवटी शूद्रवर्ग. क्रकच, करपत्र आणि आरा हे तिन्ही शब्द या शूद्रवर्गात आहेत, आणि तेही एकाच ओळीत, एकमेकांना चिकटून. सुताराची करवत आणि चांभाराची आरी शेजारी शेजारी. सुतार, कुंभार, चांभार, चांडाळ, मातंग सगळे त्याच वर्गात. ज्या अमरसिंहानं तो कोश केला तो बौद्ध होता असं परंपरा मानते. पण तो कोश ज्या समाजाचा आरसा आहे तो समाज वर्गातच विचार करत होता. हत्यारांनाही जात होती.

दुसरा पुरावा सुश्रुताचा. शस्त्रक्रियेच्या त्या प्राचीन ग्रंथात वीस शस्त्रांची यादी आहे. त्यात करपत्र आहे, हाडं कापायला. आणि आरासुद्धा आहे, टोचायला. म्हणजे जी हत्यारं शूद्रवर्गात, त्यांच्याच घाटाची हत्यारं माणसाचा जीव वाचवायला वैद्याच्या पेटीत. मग वैद्याला तरी मान मिळाला का? मनुस्मृतीचा चौथा अध्याय काढून बघा. कुणाकुणाचं अन्न खाऊ नये याची तिथे यादी आहे. त्यात सुतार आहे. चामडं कापणारा आहे. आणि वैद्यही आहे, त्याचं अन्न पुवासारखं म्हटलंय. जो जो हाताने वस्तूला भिडला, लाकडाला, कातड्याला, रक्ताला, त्याच्या ताटाला बोट लावायचं नाही. पण त्यानं केलेल्या पाटावर बसून जेवायचं, त्यानं शिवलेला जोडा घालायचा, आणि आजारी पडलं की त्यालाच बोलवायचं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जे पुस्तक जाळलं, त्याच पुस्तकाची ही पानं. काही लोक अजून विचारतात, पुस्तक कशाला जाळायचं, वाचावं आणि सोडून द्यावं. त्यांना या यादीत सुताराचं नाव दाखवा.

पण इथे थांबून एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. करवत आणि आरी एका ओळीत होत्या, तरी त्या धरणारे हात एकत्र आले नाहीत. सुतार गावात राहिला, चांभार गावकुसाकडे सरकला, महार-मांग गावकुसाबाहेर. सुताराला वाटलं आपण चांभारापेक्षा वर, चांभाराला वाटलं आपण मांगापेक्षा वर. १९३६ साली जातिनिर्मूलनावरच्या भाषणात बाबासाहेबांनी हेच मांडलं की जात ही कामाची वाटणी राहत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच फाळणी होते. शिवाय ती पायरी-पायरीची. प्रत्येक पायरीवरच्याला खाली लाथ मारायला कुणीतरी शिल्लक ठेवलेलं. दात सगळे एकाच पात्याचे, पण आपापसात झिजणारे. अशा करवतीनं खोड चिरत नाही.

असंच कायम होतं का? नव्हतं. कार्ल्याच्या लेण्याला आपण जातो. तिथल्या चैत्याच्या दारापाशी ब्राह्मी लिपीत एक नाव कोरलेलं आहे. धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा, धंदा वढकी. वढकी म्हणजे सुतार. विदर्भात सुताराला आजही वाढई म्हणतात, तो हाच शब्द. या सामीनं चैत्याचं दार केलं आणि त्याचं नाव, बापाचं नाव, धंद्याचं नाव लेण्यावर राहिलं. दोन हजार वर्षांपूर्वीचा एक कारागीर आपल्या धंद्याची लाज न बाळगता उभा आहे. आत वर बघितलं तर छताला सागाच्या लाकडी कमानी आहेत, त्या काळच्या, अजून टिकलेल्या. तसंच सांचीचं. तिथल्या दक्षिण तोरणावर लिहून ठेवलंय की हे कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केलं. बौद्धांच्या या जागांवर राजांची नावं आहेत, व्यापाऱ्यांची आहेत, भिक्षुणींची आहेत, आणि हातानं काम करणाऱ्यांचीही आहेत. पुढच्या काळातल्या किती देवळांवर असं सुताराचं नाव तुम्हाला दिसतं, ते आपापल्या गावात जाऊन बघा.

बुद्धाच्या उपदेशातही करवत आहे. मज्झिम निकायातलं एकविसावं सुत्त, ककचूपम सुत्त, म्हणजे करवतीची उपमा. त्यात भगवान भिक्षूंना सांगतात की दरोडेखोरांनी दोन मुठींच्या करवतीनं तुमचा एकेक अवयव कापला तरी मनात द्वेष येऊ देऊ नका. हे आपल्या पोरांना सांगितलं की पोरं भडकतात. म्हणतात, म्हणजे मार खात बसायचं? खैरलांजीनंतरही गप्प बसायचं? प्रश्न रास्त आहे. मीही हे सुत्त पुन्हा पुन्हा वाचलं. आणि माझं लक्ष करवतीपेक्षा त्याच सुत्तातल्या एका दासीवर थांबलं.

तिचं नाव काली. श्रावस्तीत वेदेहिका नावाची एक मालकीण होती. गावभर तिची कीर्ती, काय शांत, काय मवाळ बाई! काली तिची दासी, कामाला चोख. कालीच्या मनात आलं, बाईला राग येतच नाही, की मी काम नीट करते म्हणून तो बाहेर येत नाही? बघूया. एक दिवस काली उशिरा उठली. बाईच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्या दिवशी आणखी उशिरा उठली. बाईनं शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी आणखी उशीर केला, तेव्हा त्या मवाळ बाईनं दाराची खीळ काढून कालीच्या डोक्यात घातली. काली रक्ताळलेलं डोकं घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे गेली आणि दाखवलं, बघा तुमच्या शांत बाईचं काम. त्या दिवसापासून वेदेहिकेची कीर्ती पालटली.

ही गोष्ट बुद्धानं सांगितली, आणि दासीच्या डोक्यात शिरून सांगितली. धनिकाची सज्जनता गरिबाच्या चोख कामावर उभी असते, हे कालीनं तीन सकाळींत सिद्ध केलं. तिनं खीळ उचलून उलटी मारली नाही. पण ती गप्पही बसली नाही. घरातली गोष्ट तिनं रस्त्यावर आणली. द्वेष नको आणि मुकाट्यानं सोसणंही नको, या दोन्हींच्या मधली वाट मला या सुत्तात दिसते. भिक्षूंना सांगितलेली करवतीची उपमा पाठ करायची आणि काली विसरायची, हे अर्धं वाचणं झालं. चवदार तळ्याचं पाणी आपण द्वेषानं प्यायलो नाही. पण प्यायलो, आणि चारचौघांत प्यायलो.

आता माझ्या गिरणीकडे येतो.

बोंडातला कापूस सरकीला घट्ट धरून असतो. अमेरिकेतल्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी हातानं काढायला फार वेळ लागे, माणूस दिवसभर बसला तरी पौंडभर कापूस जेमतेम निघे. १७९३ साली एली व्हिटनीनं दातेरी रुळाचं जिन काढलं आणि १७९४ ला त्याचं पेटंट मिळवलं. १७९६ मध्ये होजेन होम्सनं त्यात तारेच्या दातांऐवजी लोखंडी चकत्यांच्या करवती बसवल्या. करवतीचा दात जाळीतून कापूस ओढून घेतो, सरकी मागे राहते. एवढीच युक्ती. या यंत्रानं माणसाचे कष्ट वाचतील असं कुणालाही वाटेल. झालं उलटं. सरकी काढणं सोपं झालं म्हणून मळेवाल्यांनी आणखी जमीन कापसाखाली आणली, आणि कापूस वेचायला तर हातच लागत होते. १७९० मध्ये अमेरिकेत गुलाम होते सुमारे ७ लाख. १८६० मध्ये ते जवळजवळ ४० लाख झाले. करवत तीच. मालक कोण, यावर ती कुणाला कापते ते ठरलं.

तो कापूस मँचेस्टरला जाई. आपल्याकडेही कंपनी सरकारनं १८४० च्या सुमारास अमेरिकेतून कापसाचे जाणकार आणि करवती जिन आणले. धारवाडकडे ते चाललं, बाकी बऱ्याच ठिकाणी आपल्या देशी कापसाला ते मानवलं नाही. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत गुलामीवरून यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस थांबला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईचे व्यापारी गब्बर झाले. पहिली कापड गिरणी कावसजी दावरांनी १८५४ मध्येच उभारायला घेतली होती, या पैशानंतर गिरण्यांचं रान माजलं. आणि १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहिलं ते अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केलं ज्यांनी निग्रोंना गुलामीतून सोडवायला कष्ट घेतले. पुण्यात बसलेल्या माळ्याच्या पोराला दिसलं की तिकडचा मळा आणि इकडचं गावकूस एकाच कापडाचं आहे. १९७२ मध्ये मुंबईच्या पोरांनी दलित पँथर काढली तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरूनच घेतलं. हा धागा जुना आहे.

मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं गेली. यंत्राला जात कळत नाही असं म्हणतात. पण साळखात्यात, जिथे पगार जास्त, तिथे अस्पृश्याला प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातली बॉबिन बदलली की सुताचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागे. आपल्या ओठाला लागलेला धोटा सवर्ण विणकराला चालत नव्हता. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर ठेवला. लाल बावट्याखाली सगळे कामगार एक, मग साळखात्याचं दार आम्हाला बंद का? लोखंडी यंत्रात जात शिरली ती सुताच्या टोकातून, थुंकीतून.

१९८२ च्या संपानंतर मुंबईच्या बहुतेक गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जागी टॉवर आले. माझ्यासारखे तालुक्याच्या सूतगिरण्यांत आहेत. आमच्या कार्डिंग मशीनच्या तोंडाशी लिकर-इन नावाचा रूळ फिरतो. त्याच्यावर करवतीच्या दातांची तार गुंडाळलेली असते. पुढच्या मोठ्या सिलिंडरवरही तशीच दातेरी तार, फक्त बारीक. हे दात कापसाचे पुंजके फोडून धागा धागा मोकळा करतात, कचरा खाली पाडतात. तेव्हा कुठे पेळू होतो, सूत होतं. तुमच्या अंगावरच्या निळ्या उपरण्याचं सूतही अशाच दातांतून आलंय. आणि उडणारी तूस जाते कामगाराच्या छातीत. लाकूड कापणाऱ्याच्या डोळ्यात भुसा, आमच्या छातीत तूस.

आता सूत हा शब्द घ्या आणि बघा सगळं कसं जुळतं. सुतार हा शब्द सूत्रधारवरून आला. सूत्र धरणारा. लाकूड कापण्याआधी सुतार गेरूत बुडवलेलं सूत ताणून लाकडावर मारतो. लाल रेघ उठते. त्या रेघेवरून करवत चालते. रेघ नसेल तर करवत भरकटते आणि लाकूड वाया जातं. म्हणजे आधी सूत, मग करवत. आधी विचार, मग घाव. नुसत्या घोषणांनी चिरायला निघालेल्यांनी हे ध्यानात ठेवावं. बाबासाहेबांनी रेघ मारून दिली आहे. ती पुसट होऊ न देणं हे वाचणाऱ्यांचं काम आणि तिच्यावरून करवत चालवणं हे सगळ्यांचं.

शेवटी एक काम सांगतो. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडे हत्यारांची नावं आहेत. चामडं कमावायची, दोर वळायची, टोपल्या विणायची, वाद्यं मढवायची, दगड फोडायची. एका हत्याराच्या भागांना चार चार नावं आहेत, ती कुठल्या कोशात नीट उतरलेली नाहीत, कारण कोश करणारे आपल्या ओट्यावर बसायला आले नाहीत. तो धंदा आपण सोडला, सोडायलाच हवा होता. धंद्याची सक्ती गेली पाहिजे, पण त्या हातांनी घडवलेले शब्द का जावेत? वही घ्या. आजोबांना, आत्याला विचारा. हत्याराचं नाव, त्याच्या भागांची नावं, ते कसं धरायचं, कुणासाठी वापरायचं, मोबदला काय मिळायचा, हे सगळं लिहा आणि आमच्याकडे धाडा. पुढच्या अंकांतून छापू. अमरकोशानं आपली हत्यारं शेवटच्या वर्गात टाकली. आपला कोश त्यांच्यापासूनच सुरू होईल.

जय भीम.